बुजवलेले झरोके

कोशित्से शहरातल्या त्या आठमजली इमारतीला थंडी अडवण्यासाठी बाहेरून थर्माकोल चढवायचा ठराव झोफिया हुदाकोवाने एकटीने रेटून नेला होता. दोन हिवाळे ती सह्यांसाठी दारोदार फिरली. तिचं घर सगळ्यात वर, कोपऱ्याला. जानेवारीत उत्तरेची भिंत आतून ओली व्हायची आणि खाणीत फुफ्फुसं घालवून बसलेला तिचा नवरा इम्रिख त्याच भिंतीला लागून झोपायचा.

जूनमध्ये परांची उभी राहिली. मुकादम वेंडेलिन कागद घेऊन दारात आला.

"बाई, छपराखालच्या झरोक्यांत पाखरं आहेत का? असली तर तपासनीस येणार आणि पिल्लं उडेपर्यंत काम जाणार थेट सप्टेंबरावर."

"आणि तुम्ही?"

"आम्ही दुसरीकडे. मग बसा वाट बघत."

दर मे महिन्यात तिथे पाकोळ्या घरटी करायला येतात हे झोफियाला ठाऊक होतं. इम्रिख अंथरुणातून त्यांची वाट बघायचा. पण आणखी एक हिवाळा त्याला झेपेल असं तिला वाटत नव्हतं. 'पाखरं नाहीत' असं लिहून तिने सही ठोकली.

दोन दिवसांत उत्तरेची बाजू झाकली गेली. झरोक्यांवर थर्माकोल, त्यावर जाळी, त्यावर गिलावा. खिडक्यांच्या फटी फोम मारून बंद केल्या. घर एकदम मुकं झालं. खालच्या ट्रामची घरघर गेली, अंगणातल्या पोरांचा गलका गेला. झोफियाला आधी बरं वाटलं. मग त्या शांततेत इम्रिखच्या डोक्यावर, छताच्या कडेला, खरवड ऐकू आली.

"ऐकतेस ना?" इम्रिखने विचारलं.

"गिलावा वाळतोय. तडतडतो तो."

"गिलाव्याला नखं नसतात, झोफी."

तिने आंबट कोबीचं सूप त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चमचा उचलला नाही. तो खिडकीकडे बघत होता. बाहेर पाकोळ्या येऊन कोऱ्या भिंतीवर आपटत, क्षणभर नखांनी लोंबकळत आणि घसरत. बंद काचेतून त्यांचा आवाज येत नव्हता, नुसत्या उघड्या चोची दिसत होत्या.

तिसऱ्या दिवशी खरवड कमी झाली.

"थकली," इम्रिख म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुला कुणी विचारलं असेल ना आधी?"

झोफिया चप्पल अडकवून खाली गेली. मजूर परांची सोडवायला लागले होते.

"वेंडेलिन, ती राहू द्या. वर पाखरं आहेत."

"कागदावर नाहीत."

"मी खोटं लिहिलं."

त्याने सावकाश हात पुसले. "मलाही ऐकू आली होती, बाई. थर्माकोल लावताना."

"मग?"

"मग काय? तुमची सही होती."

तो सुरी घेऊन पुढे झाला, ती त्याच्यामागून चढली. पहिला झरोका कापताच कुबट, गरम वास अंगावर आला. आत पंख गुंतलेल्या दोन पाकोळ्या मेलेल्या होत्या आणि त्यांच्याखाली पिल्लं. दुसऱ्यात तेच. चौथ्यात काहीतरी हललं. थंडगार पडलेली दोन पिल्लं, जेमतेम श्वास चालू. वेंडेलिनने ती तिच्या ओंजळीत दिली, मग आई-बाप परत येतील म्हणून पुन्हा आत ठेवायला लावली.

नऊ झरोके उघडले. दोनांत जीव होता. कोपऱ्यातला दहावा पत्र्याच्या पट्टीखाली गेला होता, तिथे सुरी पोचेना. झोफियाने भिंतीला कान लावला. आतून टोचा मारल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"पत्रा काढावा लागेल," वेंडेलिन म्हणाला. "त्याला वर उचलणारी गाडी हवी. सोमवारी मिळेल."

तो गुरुवार होता.

शुक्रवारी दुपारपर्यंत तो आवाज घरात येत राहिला. इम्रिख पलंगावर बसून ऐकत होता. झोफियाने एकदा रेडिओ लावला, त्याने तो बंद केला. चारच्या सुमारास आवाज यायचा थांबला.

रहिवाशांच्या सभेत तिने सगळं कबूल केलं. तपासनिसाच्या कार्यालयाने काम थांबवलं. दक्षिणेची बाजू हिवाळाभर थर्माकोलविना उघडी राहिली. लिफ्टमध्ये ती शिरली की लोक मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे राहायचे. एकदा खालच्या मजल्यावरची बाई, तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन, म्हणाली, "तुम्हाला काय, तुमची भिंत ऊबदार आहे."

होतीही. कोरडी, हाताला कोमट. इम्रिखने आपली खाट दक्षिणेकडच्या गार स्वयंपाकघरात ओढून नेली होती. तिथे त्याला रात्रभर खोकला यायचा, आणि झोफिया त्या गरम खोलीत एकटी जागी असायची.