किडका हात

फाल्गुन लागला, की पंचवटीतल्या त्या तीन मजली इमारतीत सरुबाईंचं युद्ध सुरू व्हायचं. थंडी ओसरली की भिंतीतल्या फटी जिवंत होतात, असं त्यांचं म्हणणं. मग साखरेच्या डब्यात लवंगा पडायच्या, उंबऱ्याला हळदीची रेघ ओढली जायची, कपाटांत कडुनिंबाचा वाळलेला पाला जायचा, मोरीत उकळतं पाणी ओतलं जायचं. मुंगी, झुरळ, कसर, वाळवी, कुणाचीही गय नाही. खरं सांगायचं तर सरुबाई माणसांचीही गय करत नसत, पण नाव आपलं किड्यांचं व्हायचं.

हे सगळं म्हणजे नमनाला घडाभर तेल. खरा सोहळा असायचा वर्षाच्या गव्हाचा. रंगपंचमी झाली की गच्चीवर नवा गहू वाळत पडायचा. सरुबाई त्याला एरंडेलाचा हात लावायच्या, मध्ये मध्ये पाल्याचे थर द्यायच्या आणि पत्र्याची कोठी भरायच्या. त्यांच्या हातचं धान्य किडत नाही, अशी ख्याती होती. आजूबाजूच्या आठ घरांत कोठी भरताना पहिली मूठ सरुबाईंच्या हातची लागायची. त्यासाठी बायका घरी येऊन बोलावून न्यायच्या, खुर्ची द्यायच्या, चहा आधी त्यांना द्यायच्या. नवरा गेल्यापासून सरुबाईंना कुठे मान उरला असेल तर तो त्या एका मुठीत.

कोठी भरल्यावर आठव्या दिवशी त्या बायकांना बोलवायच्या, झाकण काढायच्या, कोपरापर्यंत हात घालून मूठभर गहू वर आणायच्या आणि सगळ्यांपुढे तळहात फिरवायच्या. आठ दिवसांत कोणाचा गहू किडतो, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. वर दर वर्षी ठरलेलं वाक्य असायचं.

"माझ्या हातचं धान्य किडलं, तर त्याच दिवशी देवळ्याला जाईन धाकट्याकडं. या घरात पाणी प्यायला थांबायची नाय!"

हे बोलणं सोपं होतं. देवळा गावी धाकटा मुलगा दीपक कांद्याच्या व्यापारात होता, आणि त्याच्या बायकोने, भाग्यश्रीने, मागच्या खेपेला सासूची पथारी कांदा साठवायच्या चाळीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत टाकली होती. दोन रात्रींत सरुबाई नाक धरून परत आल्या होत्या.

इथे मात्र त्यांचं राज्य होतं. मोठा मुलगा महेश वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसे आणि त्याची बायको प्रतिभा चौदा वर्षं मान खाली घालून होती. मान खाली जायचं कारणही गहूच.

प्रतिभा हरसूलकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन आली त्या पहिल्या फाल्गुनात तिने असा झपझप गहू पाखडला, की शेजारच्या नवसाबाई बोलून गेल्या, "सरुबाई, यंदा पहिली मूठ सुनेचीच घेते बाई मी." सरुबाई हसल्या. हसून म्हणाल्या, "आधी हात तर बघू तिचा." सुनेला वेगळी लहान कोठी भरायला दिली. आठव्या दिवशी बायकांसमोर झाकण काढलं, तर वरच्याच थरात मूठभर सोंडकिडे वळवळत होते. सरुबाईंनी ती कोठी गच्चीवर नेऊन उपडी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हात किडका हाय हिचा."

झालं. तेव्हापासून प्रतिभाने धान्याला हात लावायचा नाही, असा कायदा झाला. कुणाचं डोहाळजेवण असो, कुणाचं लग्न असो, ओटी भरायला तिला कुणी पुढे बोलवेना. दोनदा तिचा गर्भ पडला. दुसऱ्या वेळी दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी उभ्या राहून सरुबाई नवसाबाईंना म्हणाल्या, "हातच किडका, तर पोटाला काय दोष द्यायचा?" प्रतिभा डोळे मिटून पडली होती, पण जागी होती.

यंदाचा आठवा दिवस उजाडला. स्वयंपाकघरात सात-आठ बायका दाटीवाटीने बसल्या. नवसाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांत पुढे. प्रतिभाने चहा ठेवला. सरुबाईंनी पदर खोचला, झाकण काढलं, हात घातला आणि मूठ वर आणून उघडली.

तळहातावर गव्हापेक्षा किडे जास्त होते. एक मनगटावर चढला.

"अगं बाई!" नवसाबाई मागे सरकल्या. कुणीतरी पदर नाकाला लावला, जसं काही तिथे मढं ठेवलं होतं.

सरुबाईंनी मूठ खिडकीपाशी नेली. डोळे अधू झाले होते, पण धान्यापुरते अजून शाबूत होते. त्यांनी दाणा दाणा अंगठ्याने फिरवून पाहिला. एकाही दाण्याला भोक नव्हतं. पीठ सांडलेलं नव्हतं. किडा दाण्यातून बाहेर पडतो तो दाणा पोखरून. अख्ख्या गव्हात किडे दिसले, तर ते बाहेरून कुणीतरी आणून टाकलेले असतात.

हे सरुबाईंइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? चौदा वर्षांपूर्वी, सून देवळात गेलेली पाहून, जुन्या तांदळातले किडे वाटीत गोळा करून तिच्या कोठीत त्यांनीच तर ओतले होते.

त्यांनी मान वळवली. प्रतिभा ओट्याला टेकून उभी होती. मान वर होती. चौदा वर्षांत प्रथमच ती सासूच्या डोळ्यांत सरळ बघत होती.

"या गव्हाला..." सरुबाईंनी सुरुवात केली.

"काय झालं, आई?" प्रतिभाने विचारलं. "दाणे अख्खे आहेत का?"

सरुबाईंनी मूठ मिटली. समोर नवसाबाई बसल्या होत्या. चौदा वर्षांपूर्वी गच्चीवर ओतलेला सुनेचा गहू फुकट म्हणून गोळा करून नेणाऱ्या नवसाबाई, ज्यांनी दुसऱ्या दिवशी चारचौघींत सांगितलं होतं, की बाई, दाणा तर एकही पोखरलेला नव्हता, चांगल्या पोळ्या झाल्या. आज 'दाणे अख्खे, म्हणजे किडे कुणीतरी टाकले' असं म्हणावं, तर नवसाबाईंना तो गहू आठवायला किती वेळ लागणार? म्हातारी चहाची उधारी विसरेल, फुकटचा गहू विसरायची नाही. आपल्याच तोंडाने आपलाच गळा कापायचा, नाहीतर गप्प बसायचं.

"बोला ना, आई," प्रतिभा म्हणाली. "सगळ्या थांबल्यात."

सरुबाईंनी मूठ कोठीत रिकामी केली आणि झाकण लावलं.

"वय झालं हो," नवसाबाई उठत म्हणाल्या. "हाताचा गुण जातो कधीकधी. बरं, यंदा आमच्याकडे येऊ नका, ऊन फार आहे." एकेक करून सगळ्या गेल्या. चहाला कुणी शिवलं नाही.

महेशने संध्याकाळी वर्तमानपत्राची घडी घातली. तो वाईट माणूस नव्हता, नुसता सोयीचा माणूस होता. "आई, तूच दर वर्षी म्हणतेस," तो म्हणाला. "आणि थोडी हवापालट होईल. दीपकला फोन केलाय."

सकाळी सरुबाई लुगडी पिशवीत भरत होत्या. प्रतिभा दारात येऊन उभी राहिली. तिच्या कमरेला घराच्या किल्ल्यांचा जुडगा होता.

"तुला कधी कळलं?" सरुबाईंनी खालच्या आवाजात विचारलं.

"त्याच दिवशी. शेतात वाढलेय मी."

"मग बोलली का नाय तेव्हा?"

"नव्या सुनेचं कोणी ऐकलं असतं?" प्रतिभाने पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "आणि यंदाही किडे टाकले नसते. पण परवा खालच्या मजल्यावर ओटी भरायला मी हात पुढे केला, तर तुम्ही सगळ्यांदेखत माझं मनगट धरलंत. तेव्हा ठरवलं."

सरुबाईंना काहीतरी बोलायचं होतं. चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण ज्या तोंडाला डंख मारायचीच सवय, त्याला ते दोन शब्द सापडेनात. "लय शहाणी झालीस," एवढंच त्या म्हणाल्या.

"हातच किडका," प्रतिभा म्हणाली, "तर गव्हाला काय दोष द्यायचा?"

दुपारी देवळ्याला पोचल्या, तर दीपकच्या अंगणातही गहूच वाळत पडला होता. पळसाला पानं तीनच. पत्र्याच्या खोलीतून कांद्याचा उग्र वास येत होता. सरुबाईंनी पिशवी खाली ठेवली, अंगण पाहून त्यांना जरा धीर आला. इथे कुणाला काय माहीत? पदर खोचून त्या गव्हापाशी बसल्या आणि सवयीने हात पुढे केला.

"थांबा, आई!" भाग्यश्री आतून धावत आली. तिच्या हातात मोबाइल होता. "प्रतिभाताईंचा फोन येऊन गेला. त्यांनी सगळं सांगितलंय."

तिने वाळवणाची चादर ओढून सरुबाईंपासून हातभर लांब नेली.

"तुम्ही नुसत्या बसा तिकडे. हात तेवढा लावू नका."