विझलेल्या ताऱ्यातलं लोखंड

सकाळी सव्वासातला रत्नाच्या फोनवर निरोप आला. पृथ्वीभोवती फिरणारी दुर्बीण तिने निवडलेल्या ताऱ्यावर स्थिरावली नव्हती. निरीक्षण वाया गेलं होतं.

दोंडाईच्यात स्टेशनजवळ झुलालचं वेल्डिंगचं दुकान. जळगावला विद्यापीठात संशोधन करणारी त्याची लेक रत्ना सुट्टीला आली, की तिचा सकाळचा चहा तिथेच व्हायचा. तिचा चेहरा पाहून त्याने हातातला होल्डर खाली ठेवला.

“काय व्हयनं व माय?”

“वाया गेलं, आबा. लोखंड आहे की नाही, कळलंच नाही.”

एका विझलेल्या ताऱ्यावर, पृथ्वीसारख्याच एखाद्या फुटलेल्या ग्रहाचा चुरा पडत असावा, असा रत्नाचा कयास होता. जुन्या नोंदींत लोखंडाची पुसट खूण होती, पण तेवढ्यावर कोणी मानलं नसतं. ताऱ्याचा अतिनील प्रकाश वर्णपटात उलगडला, की लोखंड आपल्या ठरलेल्या जागी काळ्या रेघा सोडतं. तो प्रकाश हवा खाली येऊ देत नाही. म्हणून दुर्बीण हवेच्या वर. दुर्बिणीचा वेळ मागणारे रत्नाचे आधीचे अर्ज फेटाळले गेले होते. हा मंजूर झाला होता. सगळा प्रबंध त्यावर उभा होता.

घराचं लोखंडी गेट करून घ्यायला येऊन बसलेल्या पुनाने मध्येच विचारलं, “झुलालभाऊ, आभायमधलं लोखंड काय भाव शे?”

“तुना गेटसाठे नही शे ते.”

वेल्डिंगच्या उजेडातही अतिनील असतो; झुलालला तो डोळ्यांनी ठाऊक होता. उमेदवारीत तो काळ्या काचेविना वेल्डिंग करायचा. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. आई डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची. म्हणून दुकानात खेळणाऱ्या रत्नाला तो ठिणगी पाडण्याआधी दरवेळी डोळे वळवायला ओरडून सांगायचा, “डोया!” ती पाठ फिरवायची. ज्या उजेडाकडे बघू दिलं नाही, त्याच्याच मागे पोरगी लागली, याचं त्याला नवल वाटे. अभिमानही.

“टाका धरना नही ते आपन काय करतस?” त्याने एका सुटलेल्या जोडाकडे बोट दाखवत विचारलं.

“घासून परत मारायचा. पण हे दुर्बिणीवाले परत मारू देतीलच असं नाही, आबा.”

“मांगी ते दख.”

ती उलट्या डब्यावर बसली आणि लॅपटॉप उघडून फेरनिरीक्षणाचा अर्ज लिहू लागली. झुलालने काच तोंडापुढे धरली.

“डोया!”

रत्नाने लिहिता लिहिताच पाठ फिरवली. समोरच्या भिंतीवर निळा-पांढरा उजेड नाचू लागला. त्यात तिची सावली वाकून टाईप करत होती.

अर्ज दुपारी गेला. उत्तर अजून आलेलं नाही.