गावी गेलेलं घर

न्हाणीघराची फरशी कोरडी करायला मायाने जुना परकर घेतला आणि गुडघे टेकून कोपऱ्यापासून पुसत पुसत ती दाराकडे येऊ लागली. पावणेदहा होत आले होते. साबणाची वडी ओली होती, ती कागदात गुंडाळून तिने वॉशिंग मशीनमध्ये टाकली. ओले टॉवेलही तिथेच कोंबले. दोघांचे ब्रश, विक्रांतचं दाढीचं सामान, कंगवा, सगळं एका पिशवीत घालून कपाटात. बादली पालथी. फ्रिज बंद. शेगडीवर हात ठेवून पाहिलं तर ती अजून कोमट होती, म्हणून ओल्या फडक्याने गार केली, आणि मग ते फडकं कुठे लपवायचं हा नवाच प्रश्न उभा राहिला.

आपण आपल्या घरात राहत नाही असं दाखवायला किती काम पडतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. माया गेले नऊ दिवस ते करत होती आणि रोज काही ना काही राहूनच जात होतं.

दहाच्या ठोक्याला गोदूबाई येणार. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणार आणि जाणार. कारण घरातली माणसं गावी गेली होती.

गावी कोणी गेलं नव्हतं. विक्रांतची अंबरनाथच्या एमआयडीसीतली कंपनी परदेशी मोटारींचे सुटे भाग बनवायची. दिवाळीनंतर तिकडे मोटारी खपेनाशा झाल्या, आणि त्याची झळ बदलापूरच्या मांजर्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपर्यंत येऊन पोचली. आधी आठवड्याचे चार दिवस काम, मग तीन दिवस, आणि दोन हजार नऊच्या मार्चअखेर गेटवर कागद. ‘तात्पुरते बंद’ असं त्यावर लिहिलं होतं. तात्पुरतं म्हणजे किती, ते लिहायचं मात्र साहेब विसरले होते. घरातली केबल गेली, पेपर गेला, दुधाची एक पिशवी कमी झाली. मुलगी तेवढी खरंच आजोबांकडे गावी गेली, तिला सुट्टीच होती. राहता राहिली कामाची बाई, गोदूबाई.

तिला सांगायचं होतं काय, तर बाई, आता परवडत नाही. पण एवढंसं वाक्य मायाच्या तोंडून निघेना.

निघेना त्याला कारण होतं. मायाची आई, सुंदराबाई, उल्हासनगरच्या कॅम्पात तीस वर्षं लोकांची भांडी घासत होती. शाळा सुटली की माया आईबरोबर जायची आणि ओट्याखाली गुपचूप बसून राहायची. एका घराने आईला ‘हम लोग यात्रा को जा रहे हैं’ म्हणून सांगितलं, आणि आठच दिवसांनी त्याच घराच्या गच्चीवर दुसरी बाई कपडे वाळत घालताना आईला दिसली. दुसऱ्या दिवसापासून आईने जायचा रस्ता बदलला, बस. माया तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढे आपलं घर झालं, कामाला बाई आली, तेव्हा मायाने तिला पहिल्या दिवसापासून आपल्या कपांतलाच कप दिला. चार वर्षं रोज दिला. दोघी ओट्यापाशी बसून चहा प्यायच्या. याचा मायाला अभिमान होता, आणि का नसावा? आता त्याच गोदूबाईसमोर ‘परवडत नाही’ म्हणायचं म्हणजे एका झटक्यात परत ओट्याखाली जाऊन बसायचं. तिने भलतंच सांगून टाकलं.

“गोदूबाई, आम्ही दोन महिने गावी चाललोय. आल्यावर निरोप देईन.”

“बरं हाय की ताई. पोरीला पन बरं वाटंल,” गोदूबाई म्हणाली. मग ती गॅलरीकडे बघत राहिली. “आनि या कुंड्या?”

“त्यांचं काय?”

“उन्हाल्यात मरून जातील ना. चावी द्या माज्याजवल. दहाला येऊन पानी घालीन नि जाईन. मला कुठं लांब यायचंय.”

मायाने सतरा सबबी शोधल्या, एकही लागू पडेना. मोगरा, गवती चहा, पुदिना आणि एक कोरफड, एवढ्यांच्या जिवासाठी तिने चावी काढून दिली. म्हणजे पगार बंद आणि काम चालूच. हे तिच्या त्याच क्षणी ध्यानात आलं आणि तिचे कान तापले.

संध्याकाळी तिने विक्रांतला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

“म्हणजे बाईला काढायचं सोडून तू आपल्यालाच घरातून काढलंस,” तो म्हणाला.

तो काय, सकाळी सातलाच फाइल घेऊन काम शोधायला बाहेर पडायचा. प्रश्न मायाचा होता. पहिले दोन दिवस ती विहारात जाऊन बसली. पण पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, जिथे खोटं बोलणार नाही असं म्हणायचं असतं, तिथे तिची जीभ अडखळायला लागली. तिसऱ्या दिवशी तिने सोडून दिलं. खोटं नव्हे, विहारात जाणं. मग ती उल्हासनगरला गेली. तीन नंबर कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यांत धागे कापायला बायका लागतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. सेठने तिच्या साडीकडे, पर्सकडे पाहिलं.

“दीदी, बैठना है तो साढे दस से चार. टाइमपास नहीं चलेगा.”

ती बसली. फरशीवर मांडी घालून, पुढ्यात पँटींचा ढीग, हातात छोटी कातर. शिवणीतून लोंबणारे धागे कापायचे, पँट उलटायची, पुन्हा कापायचे. पहिल्याच दिवशी बोटं निळी झाली आणि अंगठ्याला फोड आला. शेजारच्या बायकांनी तिला नाव विचारलं तेव्हा तिने आईचं नाव सांगितलं. का सांगितलं, तिलाही समजलं नाही.

तर दहाव्या दिवशी उशीर झाला. फरशी पुसली, शेगडी गार केली, फडकं लपवलं, आणि चहाचे दोन कप सिंकमध्ये तसेच राहिले. तिला ते कारखान्यात पोचल्यावर आठवलं. तळाला ओला चोथा असलेले, त्याच सकाळचे दोन कप. दिवसभर तिची कातर धाग्याऐवजी कापडावर जात होती आणि सेठ दोनदा ओरडला.

पाचला ती धावतपळत घरी आली. कुंड्या ओल्या होत्या. सिंक रिकामं होतं. दोन्ही कप घासून ओट्यावर पालथे घातलेले होते.

म्हणजे गोदूबाईला कळलं. माया तिथेच फरशीवर बसली. चेहरा असा तापला की ओढणीने वारा घ्यावा लागला. आता ती यायची बंद होईल, सगळीकडे सांगत सुटेल, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी थोडी इच्छाही होती. पण दुसऱ्या दिवशी कुंड्या पुन्हा ओल्या होत्या.

पुढे जे झालं ते मायाने विक्रांतलाही सांगितलं नाही. दोन दिवसांनी करपलेली कढई सिंकमध्ये राहिली. राहिली म्हणजे काय, अंगठा दुखत होता, म्हणून मायाने राहू दिली. संध्याकाळी कढई लखलखीत. त्यानंतर तवा, मग दोन ताटं, मग सकाळची सगळीच भांडी. सुरुवातीला ती स्वतःला ‘विसरले’ म्हणायची. आठवड्याभराने तेही म्हणेना. न्हाणीघराची फरशी पुसायचीही तिने सोडली. आपल्या आईकडून कुणी असं फुकट काम करून घेतलं असतं तर त्या घराला आपण कसल्या शिव्या दिल्या असत्या, त्या सगळ्या तिला भांडी ठेवताना आठवत, आणि तरी ती ठेवत असे. पैसे ठेवायला पैसे नव्हते. एकदा तिने वाटीत दोन लाडू घालून ओट्यावर झाकून ठेवले. संध्याकाळी लाडू जागच्या जागी होते. बरोबरच होतं, रिकाम्या घरात कोण कशाला खाईल.

मग जूनमध्ये एक दिवस ती बादलीत कुर्ता भिजवून गेली. निळ्या डागांचा, कारखान्यात घालायचा. तो धुवायला म्हणून ठेवला नव्हता, खरोखरच विसरली होती. परत आली तर कुर्ता धुऊन वाळत घातलेला. गॅलरीत ऊन होतं, दोऱ्या मोकळ्या होत्या, पण गोदूबाईने तो गॅलरीत घातला नव्हता. आत, न्हाणीघरातल्या दांडीवर घातला होता. रस्त्यावरून कुणाला दिसू नये असा.

माया त्या ओल्या कुर्त्यासमोर किती तरी वेळ उभी होती. तिचं खोटं आता ती एकटी सांभाळत नव्हती. लाज लाज म्हणतात ती तिला त्या दिवशी पुरती कळली.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली नाही. सगळी भांडी स्वतः घासली, दोन कप चहा टाकला आणि दार सताड उघडं ठेवलं. दहाला गोदूबाई जिना चढून आली. उंबऱ्यात थबकली, पण दचकली नाही.

“आलात गावावरनं,” ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

“बसा गोदूबाई.”

“पानी घालते आधी.”

“मी घातलंय. बसा तुम्ही.”

गोदूबाई ओट्याजवळ आपल्या नेहमीच्या जागी बसली. मायाने कप पुढे सरकवला आणि उभ्यानेच बोलायला लागली, कारण बसली असती तर बोलणं झालं नसतं.

“आम्ही कुठे गेलोच नव्हतो. यांची कंपनी बंद पडलीय. मी उल्हासनगरला धागे कापायला जाते. तुम्हाला पगार द्यायला जमत नव्हतं आणि ते सांगायची मला लाज वाटली.”

गोदूबाई चहावर फुंकर घालत होती.

“आणि मग मी भांडी ठेवायला लागले. मुद्दाम ठेवली.”

“दोन कप तर होते,” गोदूबाई म्हणाली. “दोन कपांना काय लागतं.”

“दोनच नव्हते.”

“नाय,” गोदूबाईने कबूल केलं. “कढई लई जलली होती.”

मायाला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. “मला काही बोला तरी,” ती म्हणाली.

“काय बोलू ताई.” गोदूबाईने चहा संपवला आणि कमरेची चंची सोडली. आतून एका कडीत ओवलेल्या चाव्या निघाल्या. चार होत्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. तिने हिरव्या दोऱ्याची चावी काढून ओट्यावर ठेवली. “ही तुमची.”

“आणि या?”

“लाल ती वरच्या मजल्यावरची. पिवली खालच्यांची. ही मागच्या विंगेतली.” गोदूबाईने कडी पुन्हा चंचीत टाकली. तिचा चेहरा जसा होता तसाच होता. “यंदा समदे गावी गेल्यात.”

मायाला एकदम आठवलं. महिनाभर इमारत कशी चिडीचूप होती. कुठे कुकरची शिट्टी नाही, कुणाचा टीव्ही नाही. सुट्टी म्हणून असेल असं तिला वाटलं होतं. शेजाऱ्यांना आपण दिसू नये या नादात शेजारी का दिसत नाहीत हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

“मग तुमचं कसं चाललंय?” तिने विचारलं. हा प्रश्न आपल्याला आज सुचतोय, याची तिला आणखी लाज वाटली.

“सून जाते ना कामाला.” गोदूबाई पदर सारखा करत उठली. “मी बी निघते रोज, साडेनवाला. एक वाजता जाते परत. पगार बंद हाय ते घरात म्हाईत नाय कोनाला.”

“मी बोलते या सगळ्यांशी. चौघींनी मिळून थोडं थोडं काही तरी…”

“नको.” चार वर्षांत गोदूबाईचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. “कोनाला काय बोलू नका ताई. त्यांना वाटंल, मला समदं ठाव हाय म्हनून.”

तिने कप उचलला तसा मायाने तो तिच्या हातातून काढून घेतला. गोदूबाईने सोडला. मग ती बाहेर पडून वरच्या मजल्याचा जिना चढायला लागली, एका हाताने कठडा धरून, सावकाश.

माया दारात उभी होती. वर पावलं थांबली. कुलपाचा आवाज काही येईना.

“आले बरं का,” गोदूबाई बंद दाराला म्हणाली, आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “कुंड्यांना पानी घालायला आले.”

ती तशीच उभी राहिली. चाव्या उगाच वाजवत राहिली. आत खुर्ची सरकली, अनवाणी पावलं पळाली, आणि न्हाणीघराची कडी कुणीतरी हळूच लावली.

मग गोदूबाईने कुलूप उघडलं.