पाच माणसांची सफारी

"मसाई माराला जायचं म्हनलं तर छोट्या विमानातच मानशी चाळीस हजार जात्यात," आबाजींनी चष्मा कपाळावर चढवत सांगितलं. "त्यापरीस त्सावोचं जंगल बरं. बीचवरनं पहाटं निघालं, की चार तासांत गाडीनं फाटकापाशी."

बारामतीतल्या जावयाच्या जेवणाच्या टेबलावर वनखात्याची जुनी डायरी उघडी होती. जावई इंद्रजित, खतं-बियाण्यांचा दुकानदार. यंदा त्याने कंपनीचं टार्गेट पुरं केलं, म्हणून कंपनी त्याला जोडीने केनियाच्या समुद्रकिनाऱ्यावर चार रात्री नेणार होती. दोन्ही पोरांचा खर्च तो पदरचा करणार होता. समुद्र ठीकच, पण आफ्रिकेत जाऊन सिंह न बघता परत आलो तर मार्केट यार्डातले लोक तोंडात शेण घालतील, ही त्याची खरी काळजी. म्हणून समुद्रावरून दोन दिवस काढून सफारी करायची ठरली. तिची सोय मात्र ज्याची त्याने करायची होती.

आणि घरात आबाजी होते. कडबनवाडीच्या माळरानावर एकतीस वर्षं वनमजूर. उन्हाळ्यात टँकरबरोबर फिरून पाणवठे भरायचे, चिंकाऱ्यांचा माग काढायचा, लांडग्यांची बिळं राखायची, ही त्यांची नोकरी. "वनखात्यातला माणूस घरात असताना एजंटाला कमिशन कशाला?" इंद्रजित म्हणाला होता. "मामा, सफारीचा बेत तुम्हीच करा."

आबाजींनी त्यासाठी तीन आठवडे घालवले. दर रविवारी आपल्या गावाहून, कळसहून, एसटीने यायचे, नात संस्कृतीला मोबाइलवरचं इंग्रजी वाचायला लावायचे आणि शिसपेन्सिलीने उतरवून घ्यायचे. पोरीला एवढे प्रश्न शाळेतही कुणी विचारले नसतील.

"गाडी दोन दिवसांची, तीस हजार," आबाजी आता वाचून दाखवत होते. "छत उघडतं तसली. चार बसा न्हायतर सहा, भाडं तेच. पाच जनांत मानशी सहा हजार पडत्यात. पार्काचं तिकीट डॉलरात, पोरांना कमी. मुक्काम एक, पर हाटेल असं घ्यायचं की पुढ्यात पानवठा पायजे. दोन खोल्या, एकीत जादा खाट."

"पण सिंह दिसेल ना, मामा?" इंद्रजितचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं.

"फेब्रुवारी हाय, पानी आटल्यालं असतंय. गाडी घिऊन पळत सुटायचं न्हाय. पान्यापाशी गप बसायचं. जनावर आपनहून येतं."

"करा तुमच्या हिशोबानं," इंद्रजित म्हणाला आणि कुणाचा तरी फोन घेत गॅलरीत गेला.

डायरीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, माणसं पाच. त्या पाचाकडे घरातल्या कुणीच पाहिलं नाही. इंद्रजित, त्याची बायको म्हणजे आबाजींची मुलगी प्रगती, यशराज आणि संस्कृती ही दोन पोरं, आणि पाचवे आबाजी. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. वनखात्यात वैशाखी पौर्णिमेला जनावरं मोजतात. तेव्हा पाणवठा ज्याने हेरला, त्याची मचाणावरची जागा धरलेलीच असते. साहेब येवोत की पुण्याचे पाहुणे, त्याला कुणी खाली उतरवत नाही. एकतीस वर्षांत 'मी येऊ का' असं विचारायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. बेत आपण आखला, म्हणजे आपण जाणार, यात विचारण्यासारखं काय आहे, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

त्यांनी पुण्याला दोन खेपा घालून पासपोर्ट काढला. बँकेतली ठेव मोडली. जावयावर भार टाकायचा नाही, आपल्या वाटणीचे पैसे प्रगतीच्या हातात ठेवायचे, हेही ठरवून टाकलं. बारामतीत एक दुर्बीण घेतली. नोकरीत साहेबांची दुर्बीण धरून उभं राहण्यात दिवस गेले होते, स्वतःची ही पहिली.

"सिंव्हाला बघून काय करनार?" बनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भाकरी थापता थापता विचारलं. "चाळीस वर्सं मला बघून काय केलं?"

"तू बी चल की."

"मी न्हाय बसायची त्या इमानात. तुमी जा आन येताना खोबरं आना."

गावात बातमी पोचायला झुंबर पुरेसा होता. झुंबर म्हणजे आबाजींचा शाळेपासूनचा सोबती, कळसच्या चौकातल्या चहाच्या हॉटेलाचा मालक. चारच दिवसांत त्याने चौकात फ्लेक्स उभारला. मधोमध आबाजींचा पासपोर्टचा फोटो, एका अंगाला सिंह, दुसऱ्या अंगाला हत्ती. 'मा. आबाजी यांना आफ्रिका अभ्यास दौऱ्यासाठी हार्दिक शुभेच्छा.' खाली अकरा शुभेच्छुकांचे चेहरे, त्यात झुंबरचा सगळ्यांत मोठा. संध्याकाळी फेटा, शाल, नारळ देऊन सत्कारही झाला.

"ह्यो अभ्यास दौरा कुठनं काढला रं?" आबाजींनी विचारलं.

"नुसतं फिरायला चाललाय म्हनल्यावर वजन पडत न्हाय," झुंबर म्हणाला.

आबाजी लाजले, पण तीन दिवस चौकातूनच ये-जा करत राहिले. माणसाला आयुष्यात एकदा तरी आपला फोटो एवढा मोठा बघावासा वाटतोच.

विमान आठ दिवसांवर आलं तेव्हा ते पासपोर्ट, पैसे, डायरी आणि दुर्बीण कापडी पिशवीत घालून बारामतीला गेले. पासपोर्ट अजून कुणी मागितला नव्हता, तेव्हा शेवटी मागतील असं त्यांनी धरलं होतं. प्रगती आत चहा टाकत होती. त्यांनी पासपोर्ट हातात घेतला, डायरी टेबलावर उघडून ठेवली. तिथे कंपनीच्या कागदांशेजारी पिवळी कार्डं पडली होती.

"ही कसली गं?" त्यांनी टेबलाशी खेळणाऱ्या नातवाला, यशराजला, बाजूला सरकवत प्रगतीला विचारलं.

"लसीची, आबा," प्रगती आतून म्हणाली. "आफ्रिकेला जायचं तर पीतज्वराची सुई लागते. गेल्या आठवड्यात आम्ही पुण्याला जाऊन घेऊन आलो. दहा दिवस आधी घेतली नाही तर कार्ड चालत नाही म्हणे."

आबाजींनी कार्डं मोजली. चार. कंपनीच्या कागदावरची नावं बोट ठेवून वाचली. चारच. पुन्हा एकदा वाचली. जनावरं मोजतानाही ते दोनदा मोजायचे.

प्रगती चहा घेऊन बाहेर आली. तिला वडिलांच्या हातात कोरा पासपोर्ट दिसला, उघड्या डायरीतला तो पाच दिसला, आणि तिने कपबशी टेबलावर टेकवली.

"आबा," ती म्हणाली.

तेवढ्यात इंद्रजित आला. सगळं कळल्यावर तो समोरच्या खुर्चीत बसला. "मामा, तुम्हालाही यायचं होतं? मग बोलायचं तरी. मला वाटलं, तुम्ही नुसता बेत करून देताय." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं, आणि आबाजींना तेच जास्त लागलं. राग आला तो मात्र स्वतःचाच. एवढं वय झालं आणि साधं विचारता आलं नाही.

"मी कंपनीत बोलतो. वेगळं तिकीट—"

"सुईला धा दिस लागत्यात. आपल्यापाशी आठ हायत," आबाजी म्हणाले. मग त्यांनी डायरी पुढे ओढली, पाच खोडला, चार लिहिला आणि भागाकार करायला घेतला. "चौघांत गाडीचं भाडं मानशी साडेसात हजार पडतंय. पंधराशे वाढलं. आधी सांगितल्यालं बरं. जादा खाट नको म्हनून सांगा. आन जावईबापू, येक ध्यानात ठेवा, दोनी दिस पान्यापाशीच बसा. पळू नका."

इंद्रजितने मान हलवली. त्याला वर बघवलं नाही. आबाजींनी पिशवीतून दुर्बीण काढून यशराजच्या गळ्यात अडकवली, चहा पिऊन टाकला आणि अडीचची एसटी धरली. प्रगती जिन्यापर्यंत डोळे पुसत आली. "घरी जा," एवढंच ते म्हणाले.

चौकात झुंबरने हटकलंच. "काय, तयारी झाली का?"

"न्हाय जमत. साठीच्या म्होरं सुई द्यायला डाक्टर राजी न्हाईत," आबाजी म्हणाले. "जावयानं लई खटपट केली. त्याचा काय विलाज न्हाय."

खोटं बोलायची सवय नसल्याने ते झुंबरच्या किटलीकडे बघत बोलले. झुंबर त्यांना पन्नास वर्षं ओळखत होता. त्याने डॉक्टरला दोन शिव्या घातल्या, चहा पुढे केला आणि आणखी काही विचारलं नाही.

"त्यो फ्लेक्स काढ," आबाजी म्हणाले. "मला दे. काम हाय."

माळावर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेला एक पाणवठा होता. त्याला चीर गेली होती, आणि सकाळी भरलं की संध्याकाळी पाणी बुडाला जायचं. निवृत्त झाल्यावरही ते सायकलला दोन कॅन लावून तो भरायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात फ्लेक्स अंथरला, कडेने दगड लावले, वर बोटभर माती पसरली आणि पाणी सोडलं. बनाबाई जेवण घेऊन आल्या होत्या.

"फोटो खाली घातला का वर?"

"खाली. सिंव्ह बघून बुजत्याल."

"आन तुमाला बघून?"

"मला वळीकत्यात."

बनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाकरी सोडली आणि नवऱ्याशेजारी बाभळीखाली बसून राहिल्या.

दहा दिवसांनी, सूर्य कलल्यावर, आबाजी त्याच बाभळीखाली बसले होते. पाणवठा काठोकाठ होता. फोन थरथरला. संस्कृतीचा व्हिडिओ कॉल.

"आबा," ती कुजबुजली, "आम्ही हॉटेलच्या पाणवठ्यावर आहोत. बघा."

पडद्यावर हत्ती होते, त्सावोच्या मातीने लाल झालेले. एक पिल्लू आईच्या पोटाखालून सोंड पाण्यात बुडवत होतं. शेजारी इंद्रजित तोंडावर हात ठेवून अगदी गप्प बसला होता.

"काल सिंहीणपण आली होती. बाकीच्या गाड्या नुसत्या पळत होत्या. ड्रायव्हरकाकांनी विचारलं, बेत कुणी केला? मी सांगितलं, माझ्या आबांनी. मग त्यांनी विचारलं, ते का नाही आले?"

आबाजी हत्तींकडे बघत राहिले. पिल्लू पाण्यातून बाहेर येईपर्यंत त्यांनी पापणी लववली नाही. मग समोरच्या गवतात काही हललं, तसा त्यांनी फोन सावकाश फिरवून माळाकडे धरला.

"आबा, काही दिसत नाही. नुसतं गवत आहे."

"गप बस," ते हळूच म्हणाले. "दिसंल."

पोर गप्प बसली. तिकडे हत्तींचं पाणी वाजत होतं, तेवढाच आवाज फोनमधून येत होता. एक चिंकारा मादी गवतातून बाहेर आली, थांबली, कान फिरवून तिने बाभळीकडे पाहिलं. मग पुढे येऊन तिने मान खाली घातली आणि पाण्याला तोंड लावलं.