डावा स्पीकर

बिल्डिंगमधली पोरं तिला रेडिओकाकू म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. सकाळी डोळे उघडले की तिचं तोंड जे सुरू व्हायचं ते रात्री पाठ टेकेपर्यंत. नवरा मात्र ग्रंथपाल. दिवसभर लोकांना गप्प बसवून घरी यायचा आणि घरी स्वतः गप्प बसायचा. ती स्वयंपाकघरातून बोलायची, तो बाहेरच्या खोलीत आपल्या स्टिरिओपाशी बसलेला असायचा. "मी काय भिंतीशी बोलतेय का?" हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की भिंतीलाही पाठ झालं असेल.

तो गेला आणि रेडिओ बंद पडला. तिचं तिलाच नवल वाटलं. ऐकणारं कुणी नसलं तरी एक वेळ चालतं, पण न ऐकणारं तरी माणूस घरात लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलीशी फोनवर चार वाक्यं झाली की दिवसाचं बोलणं संपे. एखाद्या संध्याकाळी घसा खाकरला तर आपलाच आवाज तिला परका वाटे.

आणि त्याचा आवाज? तो तर कुठेच नव्हता. फोन वाजला की तो रिसीव्हर तिच्या हातात द्यायचा. मुलीच्या मोबाइलमधल्या व्हिडिओंतही तो नुसता मान हलवताना दिसे. होती ती एकच कॅसेट. स्टिरिओ नवा आणला तेव्हा त्याने हौसेने दोन माइक लावले होते, एक लांब वायरीचा तिच्या ओट्यावर आणि दुसरा स्वतःपुढे. "तू उजवीकडून, मी डावीकडून. बोल काहीतरी." रेडिओकाकूला 'बोल' म्हणणं म्हणजे माशाला 'पोह' म्हणणं. कॅसेटची अख्खी बाजू ती बोलली. शेवटी तो काहीतरी म्हणाला, ती खदखदून हसली, आणि कॅसेट जी डब्यात गेली ती गेलीच. आपलाच आवाज कोण ऐकत बसतं?

आता तिने ती शोधून लावली, तर वाजला फक्त उजवा स्पीकर. भांडी आपटत, नळ सोडत ती एकटीच बडबडत होती. शेवटी नळाच्या आवाजामागे कुणीतरी काही पुटपुटल्यासारखं झालं, मग तिचं हसणं, आणि "करा बंद!" डावा स्पीकर ढिम्म. तो काय म्हणाला होता? काही केल्या तिला आठवेना.

दोष कुणाचा, हे मात्र तिला चांगलं ठाऊक होतं. "स्टिरिओच्या मागे हात घालू नकोस, वायरी हलतील," हे आयुष्यभरात त्याने ठामपणे सांगितलेलं बहुधा एकमेव वाक्य. आणि गेल्याच आठवड्यात तिने स्टिरिओचं कपाट ओढून मागची धूळ झाडली होती. करायला काही नसलं की माणूस केर काढतं.

खालच्या पंखेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, सगळंच तो दुरुस्त करायचा.

"काकू, आधी दुसरी कुठली तरी कॅसेट लावून बघा. तीही एकीकडूनच वाजली, तर मागचा प्लग सैल आहे. दोन मिनिटांचं काम."

"आणि दोन्हीकडून वाजली तर?"

"मग तुमच्या कॅसेटचीच डावी बाजू पुसली गेलीय. जुन्या टेपचं होतं तसं. ते काही परत येत नाही." मग तिचा चेहरा पाहून तो घाईघाईने म्हणाला, "प्लगभोवती पत्र्याची कडी असते ना, ती सैल पडते. स्पिरिटने पुसा, पकडीने हलकीच दाबा. हलकीच हं, चिरडलीत तर गेली."

घरी डबाभर कॅसेटी होत्या. तिने एकीलाही हात लावला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडून बघितलं आणि दोन्ही स्पीकर वाजले, तर मग दुरुस्त करायलाही काही उरलं नसतं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला, आणि स्टिरिओचा विषय निघाला. "आई, कशाला त्या खटाऱ्याच्या मागे लागतेस? नवा स्पीकर पाठवते, ब्लूटूथवाला."

"त्यात कॅसेट कुठून घालू? नाकातून?" ती म्हणाली. मुलगी हसली. कितीतरी दिवसांनी हसवलं होतं तिने कुणाला. पण कुठली कॅसेट, हे काही तिने सांगितलं नाही.

दुपारी तिने पुन्हा कपाट ओढलं आणि बॅटरी दातांत धरून मागे शिरली. डाव्या स्पीकरचा पांढरा प्लग अर्धा बाहेर लोंबत होता. तो दाबून बसवला, कॅसेट लावली. काही नाही. परत मागे जाऊन पाहिलं, तर प्लग पुन्हा बाहेर. स्पिरिटचा बोळा फिरवला तर काळाकुट्ट मळ निघाला, खोबणीतूनही तसाच. मग तिने पकड घेतली. कोपर गुडघ्यावर टेकवलं, आणि कडी दाबली. हलकीच. प्लग पिळत पिळत आत सारला. या वेळी तो घट्ट बसला. वायर ओढून बघायचा मोह तिने आवरला.

बटण दाबलं. डावीकडे आधी खर्र झालं, मग बारीक सळसळ, मग खुर्ची करकरली. कुणीतरी घसा साफ केला. तो घसा तिने हजारांत ओळखला असता.

"वरच्या बाईंनी परत ओली चादर आपल्या गॅलरीवर सोडलीय," उजवीकडून ती ओरडली.

"हं," तो म्हणाला.

"सांगायला गेलं तर म्हणतात, वाऱ्याने आली."

"हं." या वेळी नाकातल्या नाकात हसूही होतं.

प्रत्येक वाक्याला हं. एकही सुटलं नव्हतं. स्वयंपाकघरात, नळाच्या नि भांड्यांच्या आवाजात, त्यातलं एकही हं तिच्यापर्यंत कधी पोचलं नव्हतं.

"मी काय भिंतीशी बोलतेय का?" उजवी बाजू कडाडली.

"नाही गं," डावी बाजू म्हणाली. इतकं हळू, की ते स्वतःशीच असावं.

तिने कॅसेट थांबवली. मग टेप सुरुवातीपर्यंत मागे नेऊन पुन्हा लावली, आवाज डावी-उजवीकडे फिरवायचं बटण पार डावीकडे नेलं आणि खुर्ची डाव्या स्पीकरला चिकटवून बसली. आता तिचा जुना आवाज येत होता तो दूरच्या कुणाच्या तरी घरातून आल्यासारखा. त्याचा मात्र अगदी कानाशी.

"अहो, ऐका ना," ती म्हणाली. "ओरडू नका हं, मी कपाट ओढलं होतं."

"हं."

मग तिने सगळं सांगितलं. धूळ, पंखेवाला, पकड, नाकातून कॅसेट. बिल्डिंगमध्ये कोण आलं, कोण गेलं. रात्री दाराची कडी दोनदा बघते ते. एकटीपुरतं रांधायचं अजून जमत नाही ते. हं कधी लवकर यायचं, कधी उशिरा. पण नवरा-बायकोचं तसंच तर असतं. बोलता बोलता घसा सुकला, तरी पाणी प्यायला ती उठली नाही.

"आणि खरं सांगू का," ती म्हणाली, "मला ना—"

"झालं का तुझं?" तो एकदम मोठ्याने म्हणाला, नळाच्या वर जाईल इतक्या मोठ्याने. "बंद करू?"

"नको हो. थांबा. अजून कुठे झालंय माझं?"

दूर, स्वयंपाकघरात, एक तरणीताठी बाई खदखदून हसली. "करा बंद!"

त्याने तिचं ऐकलं, आणि बटण दाबलं.