काजव्यांचा खुराक

मी एक म्हातारी गोगलगाय आहे, जपानातल्या हिरासे गावच्या ओढ्यातली. माझ्या शंखाचं टोक पाण्याने झिजलं आहे आणि स्वभाव त्याहून बिघडला आहे. मित्रांनो, तुम्ही काजव्यांची गाणी म्हणता, चित्रं काढता. खुशाल काढा. पण काजवा लहानपणी काय खातो, हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का? तो आम्हाला खातो.

त्याची अळी पाण्यात वाढते. ती शंखाच्या तोंडातून आत डोकं घालते, चावते आणि आमचं मांस पातळ करून शोषून घेते. मी दाराचं झाकण ओढून घेते, पण तिच्यापुढे ते फारसं टिकत नाही. मोठा झालेला काजवा नुसतं दव पितो. म्हणजे तो मिरवतो तो सगळा उजेड आमच्या अंगातला.

डबक्यातल्या पातळ शंखाच्या आमच्या नातलग चिकट लगद्यात अंडी घालून मोकळ्या होतात आणि हवा घ्यायला वर येतात. मी पाण्यातच कल्ल्यांनी श्वास घेते. पिल्लं अंगात वाढवते. तिळाएवढी, पण शंखासकट बाहेर येतात आणि लगेच दगडाला घट्ट धरून शेवाळ खरवडू लागतात. दरवर्षी शेकडो होतात. उरतात किती, ते विचारू नका.

हिरासेत काजव्यांची जत्रा भरते. काजवा मंडळाचा प्रमुख योशिहारु घरोघरी कोबीची वरची पानं मागतो आणि आमच्यासाठी ओढ्यात टाकतो. लोक म्हणतात, केवढी माया! कापायच्या कोंबडीलाही दाणे टाकतातच.

ओढ्याकाठी त्याच्या थोरल्या वहिनीचं, मिनेयोचं कोबीचं शेत आहे. जत्रेची गर्दी दरवर्षी अंधारात ते तुडवते. तिने तक्रार केली की हा कमरेत वाकून माफी मागतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा जत्रा संपते न संपते तोच हा टोपली घेऊन तिच्या दारात पानं मागायला हजर.

"पाहुण्यांनी तुडवलेली आहेत ना, ती न्या भाऊजी," मिनेयो म्हणाली. "खुडायचेही कष्ट नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाळण आणि बादली घेऊन ओढ्यात उतरली. गोगलगायी संपल्या की काजवे संपतील आणि गर्दीही, हा तिचा हिशेब. काजव्यांचा माझ्याइतका राग करणारं माणूस मला प्रथमच भेटलं, आणि तिने सुरुवात आमच्यापासून केली. दगडावरून एकेकीला उपटून तिने बादली भरली. आम्हाला डांबरी रस्त्यावर उन्हात ओतायचा तिचा बेत होता. बादलीत पाणी थोडं, त्यात ते तापलेलं. माझा जीव गुदमरला आणि पिल्लं तिथेच बाहेर पडली. ती बादलीच्या कडेला चिकटून बसली.

तेवढ्यात योशिहारु धापा टाकत आला.

"वहिनी, मुके जीव आहेत हे. कशाला मारता?"

"काजव्यांना सांगितलंत का हे कधी?"

तो मान खाजवत म्हणाला, "त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना बघायला माणसं येतात."

"माझ्या कोबीवरून येतात."

मग घासाघीस झाली. शेताला खांब रोवून दोर बांधायचं त्याने कबूल केलं आणि तिने बादली त्याच्या हातात दिली. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

त्याने बादली ओढ्यात पालथी केली, बुडावर थाप मारली आणि म्हणाला, "जा गं बायांनो, वाचलात." आम्ही मोठ्या तेवढ्या खाली पडलो. पिल्लं पडली नाहीत. घट्ट धरायचं, एवढंच त्यांना जन्मतः येतं. मिनेयोने रिकामी बादली कुंपणाच्या बांबूवर उन्हात वाळत घातली आणि दोघं सातूचा गार चहा प्यायला बसले. मला लांबचं दिसत नाही. पण बादली कुठे आहे, ते मला ठाऊक होतं.

मित्रांनो, आमच्यावर माया करू नका, ती आम्ही बघितली आहे. फक्त कधी कुणाला पाण्यात परत सोडाल, तर बादलीही त्याच पाण्यात विसळून घ्या.