डब्यावरचं गुटगुटीत बाळ

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. पण कशाचा डबा, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. आयुष्यभर माझ्या अंगावर एक लिहिलेलं होतं आणि पोटात दुसरंच काहीतरी असायचं. मग माझी ओळख कोणती, अंगावरची की पोटातली? या प्रश्नानं माझं डोकं पार भंजाळून गेलं होतं.

सुरुवात तरी सरळ होती. विलायतेतल्या एका कारखान्यात मी तयार झालो. माझ्या अंगावर एका गुटगुटीत बाळाचं रंगीत चित्र छापलं आणि पोटात दुधाची पूड भरली. साय न काढलेल्या, अख्ख्या दुधाची पूड होती ती. बोटीतून, आगगाडीतून मी अहमदनगरला आलो. तिथल्या लष्करी छावणीत एका साहेबाचं तान्हं बाळ माझ्यातलं दूध पिऊन हां हां म्हणता बाळसं धरू लागलं. त्याची आया मला रोज पुसून ठेवायची. मी तर स्वतःवर जाम खूश होतो.

लढाई संपली आणि साहेब मायदेशी निघाला. मी रिकामाच होतो. आयानं मला पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, मिशनच्या छोट्या दवाखान्यात देऊन टाकलं. तिथले दानीएल कंपाउंडर मला बघून हरखून गेले. त्यांच्याकडं मदत म्हणून आलेलं दुधाच्या पुडीचं एक पोतं होतं. त्याला मुंग्या लागत होत्या, ओल धरत होती. त्यांनी मला धुतलं, उन्हात वाळवलं आणि त्यातली थोडी पूड माझ्यात भरली.

पूड पांढरीच होती. वासही दुधाचाच होता. तरी पोटात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. पहिली पूड कशी माझ्या पत्र्याला चिकटून बसायची! ही आपली कोरडी, भुरभुरीत. मी स्वतःचीच समजूत घातली, की दूध ते दूध. आता वाटतं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण ओळखून तरी काय केलं असतं? डब्याला तोंड असतं, पण बोलता येत नाही.

१९४६ सालच्या उन्हाळ्यात आमोस मास्तर दवाखान्यात आले. त्यांच्या बायकोला, दयाबाईंना, विषमज्वर झाला होता आणि अंगावरचं दूध आटलं होतं. मुलगी कृपा चार महिन्यांची. शेजारच्या छबूबाईची म्हैस भाकड होती आणि गावातल्या शेळ्यांचं दूध करडांनाच पुरत नव्हतं. दानीएलभाऊंनी मला उचलून मास्तरांच्या हातात ठेवलं. माझ्यावरचं चित्र बघून मास्तरांचा चेहरा उजळला.

मास्तरांना इंग्रजी येत होतं. त्यांनी माझ्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. चौथ्या महिन्याला किती चमचे, पाणी किती, सगळं एका कागदावर उतरवून चुलीशेजारी चिकटवलं. पाणी उकळून घ्यायचे, चमचा सपाट मोजायचे. इतक्या निगुतीनं मला कुणीच वापरलं नव्हतं. आणि तरीही कृपा सुकत चालली.

छबूबाईनं कृपाच्या जन्माच्या वेळी हौसेनं चांदीचे दोन वाळे केले होते. पहिल्यांदा ते मनगटावर घट्ट बसायचे. महिन्याभरात उजव्या हातातला वाळा आपोआप गळून पडला. दयाबाई तो परत चढवायच्या, तो परत गळायचा.

"तुम्ही नीट वाचलंय ना?" त्यांनी विचारलं.

"तीनदा वाचलंय, दया. महिना पाचवा, चमचेही छापल्याप्रमाणेच."

"मग वाळा का गळतोय?"

 मास्तरांनी मला हातात घेऊन चौथ्यांदा वाचलं. कृपा माझ्या समोरच पडली होती. आता ती रडतसुद्धा नव्हती, नुसती कण्हत होती. माझ्या अंगावरचं बाळ मात्र हसत होतं. मला त्याची इतकी चीड आली म्हणून सांगू! हेच बाळ दाखवून मी साहेबाच्या घरी मिरवलो होतो. तेव्हा खरं बोलणारं चित्र आता खोटं कसं बोलायला लागलं, तेच मला कळेना.

एके दिवशी दयाबाईंना भांडी घासणं जमेना, म्हणून छबूबाई आली. कृपाच्या दुधाचं पातेलं तिनं हातात घेतलं, पाणी ओतलं, बोटं फिरवली आणि तशीच थांबली. मग पदराला हात पुसत आत आली.

"मास्तर, ह्ये दूध खरं न्हाई."

"अहो, त्यावर छापलंय. तान्ह्या मुलांसाठीच आहे."

"छापल्यालं मला वाचता येत न्हाई. पर उभा जल्म म्हशीत गेला माझा. दुधाचं पातेलं राखंबिगर निघत न्हाई. ह्ये नुसत्या पान्यानं निघालं. बोटं बी ओशट झाली न्हाईत. साय हायच कुठं ह्यात?"

मास्तर मला घेऊन पुन्हा वाचायला लागले. छबूबाईनं फळीकडं बोट केलं.

"त्या चहाच्या डब्यात काय हाय?"

"हळद," दयाबाई म्हणाल्या.

"आन् बिस्कुटाच्या?"

"सुईदोरा."

"मंग ह्याच्यात काय हाय, त्ये कुनी इचारलं का?"

मित्रांनो, मास्तरांनी वाचणं थांबवलं. त्या फळीवर मी दोन महिने बसलो होतो. हळदीच्या आणि सुयांच्या डब्यांना मनातल्या मनात हसत होतो. एकाही डब्यात त्याच्या नावाचा माल नव्हता आणि ते घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. माझ्यावर तेवढा सगळ्यांनी विश्वास टाकला. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तर धावतच दवाखान्यात गेले. मला पुढं करून त्यांनी आत काय आहे ते विचारताच दानीएलभाऊंनी कपाळावर हात मारला. "मास्तर, ही पोत्यातली पूड. साय काढून घेतलेल्या दुधाची. शाळेतल्या पोरांसाठी आली होती, तान्ह्यासाठी नव्हे! तुम्ही दूध मागितलं, डब्यावर बाळ होतं, मी देऊन बसलो. माझ्या डोक्यातच आलं नाही हो." त्यांचे डोळे भरून आले. ती पूड काही विषारी नव्हती. शाळेतली मुलं तिचं दूध पिऊन खेळत होती. तान्ह्या जिवाला मात्र ती पुरत नव्हती.

त्याच दिवशी कृपाला घेऊन सगळे लॉरीनं नगरला गेले. मीही पिशवीत होतो. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कृपाला ठेवून घेतलं आणि मास्तरांना बजावलं, "साय न काढलेलं, साखर न घातलेलं, आणि डबा सीलबंद. या तीन गोष्टी पाहून आणा."

मास्तर मला घेऊन दुकानात गेले, तिथं ओळीनं डबे मांडलेले. माझे सख्खे भाऊ होते, आणि शेजारी घट्ट गोड दुधाचे डबे. त्यांच्यावरचं बाळ तर आमच्यापेक्षाही गुबगुबीत!

"हे न्या मास्तर," दुकानदार म्हणाला, "स्वस्त आहे आणि गोड. पोरं चाटूनपुसून पितात."

मास्तरांनी चित्रावर हात ठेवला आणि फक्त खालची बारीक अक्षरं वाचली. साखर निम्म्याच्या आसपास. तो डबा त्यांनी खाली ठेवला. मग माझ्या भावाला उचललं. उलटा केला, सुलटा केला, सील बोटानं चाचपलं. घामाघूम झाले होते बिचारे. एकदा वाचून फसलेला माणूस वाचायलाही घाबरतो. शेवटी ते दुकानदाराला म्हणाले, "यात काय आहे, ते मला तुमच्या तोंडानं सांगा." त्यानं अख्खं दूध म्हणून सांगितल्यावरच त्यांनी पैसे दिले.

कृपा वाचली. झटपट नव्हे, हळूहळू. आधी तिचं कण्हणं थांबलं, मग ती भोकाड पसरून रडायला लागली, आणि ते रडणं ऐकून दयाबाई हसल्या. घरी आल्यावर छबूबाईनं दुधाचं पातेलं राखेनं खसाखसा घासलं आणि म्हणाली, "आता कसं! निघता निघंना."

मग मास्तरांनी चाकू घेऊन माझ्यावरचं बाळ खरवडून काढलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी कुरकुर केली नाही.

आता तीन वर्षं झाली. मी त्याच फळीवर आहे, उघडा पत्रा, ना नाव ना चित्र. मुलांनो, तुमच्या घरी एखादं तान्हं बाळ असेल, तर डब्यावरच्या हसऱ्या बाळाला भुलू नका. ते सगळ्याच डब्यांवर हसतं. आत काय आहे ते वाचा, सील बघा, आणि जुन्या डब्यात कुणी काही भरून दिलं तर विचारल्याशिवाय चमचा घालू नका. आम्हाला सांगता येत नाही हो.

कृपाचे हट्ट आता माझ्या फळीपर्यंत पोचतात. परवा तिनं मला फळीवरून खाली काढलं आणि कानाशी धरून हलवलं.

"आई, ह्यात काय हाय?"

दयाबाईंनी झाकण उघडलं. आत चांदीचे दोन वाळे होते. कृपानं एक हातात घालून पाहिला. तो तिच्या बोटांच्या पुढं काही केल्या जाईना.